मासा, डाग आणि तार

जालन्याहून दक्षिणेकडे जाताना अंबड जवळ आले की एक टेकडी दिसू लागते. तिचा आकार माशासारखा आहे असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले, आणि टेकडीवरच्या देवीला नाव पडले मत्स्योदरी. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. देवीपुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यांत दुखण्याखुपण्याची गाऱ्हाणी कोणत्याही तीर्थक्षेत्री असतात तशी येथेही असणारच. पण सर्व दुखण्यांत एक दुखणे मोठे दुर्दैवी आहे. त्याला सूज नाही, व्रण नाही, ताप नाही. हात मोडला तर शेजारीपाजारी विचारपूस करतात. डोके दुखते म्हणणाऱ्या सुनेकडे मात्र घरची माणसे संशयाने पाहतात. अर्धशिशीने पछाडलेल्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या सुमारे तिप्पट भरते, हे लक्षात घेतले म्हणजे या संशयाने किती जणींचे आयुष्य कडू केले असेल याची कल्पना येईल.

या दुखण्याचा आणि त्यावर माणसाने योजलेल्या एका विशिष्ट उपायाचा, म्हणजे विजेचा, इतिहास येथे सांगावयाचा आहे. आज ही वीज डोक्याच्या कातडीखाली तार पुरून मज्जातंतूला दिली जाते. परंतु या कथेचा आरंभ तारेने होत नाही. तो होतो एका माशाने. आणि मत्स्योदरीच्या गावी बसून ही कथा सांगण्यास तेवढे एक निमित्त पुरेसे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, रोममध्ये स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा वैद्य होता. इ. स. ४७ च्या सुमारास त्याने औषधांच्या कृतींचा एक ग्रंथ रचला. त्यात जुनाट डोकेदुखीवर असा उपाय दिला आहे की समुद्रातला काळा टॉर्पीडो मासा जिवंत आणावा, दुखऱ्या जागेवर ठेवावा आणि ती जागा बधिर होऊन दुखणे थांबेपर्यंत काढू नये. एका माशाने भागले नाही तर हाताशी आणखी दोनतीन असावेत, अशी व्यवहारी सूचनाही तो देतो. ग्रीक भाषेत बधिरपणाला आणि या माशाला एकच शब्द होता, नार्के. गुंगी आणणाऱ्या औषधांना इंग्रजीत जे नाव आहे ते याच शब्दाच्या कुळातले.

पुढच्या शतकात गेलनने हा उपाय पडताळून पाहिला. मेलेला मासा लावून पाहिला. गुण आला नाही. जिवंत लावला, गुण आला. आजच्या दृष्टीने हा प्रयोग अगदी साधा वाटेल, पण त्यात शास्त्राचे बीज आहे. गुण माशाच्या मांसात नाही, तर माशाच्या जिवंतपणात काहीतरी आहे, एवढे त्याला कळले. ते काहीतरी म्हणजे काय, हे कळण्यास पुढे सोळाशे वर्षे जावी लागली.

आपल्याकडे या काळात काय चालले होते? आपल्या वैद्यांनी डोकेदुखीचे निरीक्षण फार बारकाईने केले होते, यात शंका नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा तो सूर्यावर्त. अर्धे डोके फोडून काढणारा तो अर्धावभेदक, म्हणजेच आपली अर्धशिशी. लेप, नस्य, स्नेहन हे उपाय होतेच. पण ते हरले म्हणजे अग्निकर्म, अर्थात डागणे. शिरोरोगात डाग कोठे द्यावा तेही सुश्रुताने नेमके सांगितले आहे: भुवई, कपाळ आणि कानशील. शास्त्रातले हे अग्निकर्म खेड्यापाड्यांत उतरताना लोखंडाच्या तापल्या सळीचे आणि बिब्ब्याचे झाले. कपाळावर असे जुने डाग वागवणारी म्हातारी माणसे मराठवाड्यात अगदी परवापरवापर्यंत दिसत.

आता गंमत अशी की भुवई, कपाळ आणि कानशील या ठिकाणी चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा कातडीच्या अगदी लगत येतात, आणि आजची विजेची यंत्रे त्यांतल्याच एका शाखेवर, भुवईवरच्या मज्जातंतूवर, लावली जातात. यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असा अभिमानाचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. सुश्रुताला मज्जातंतूतली वीज ठाऊक नव्हती, तशी स्क्रिबोनिअसलाही माशातली ठाऊक नव्हती. दोघांनीही एकच केले: रोग्याने बोट जेथे ठेवले तेथे उपाय केला. मात्र दोन उपायांत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मासा उचलून बाजूला ठेवता येतो. डाग जन्मभर राहतो. हा भेद वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

माशाचे रहस्य उलगडले ते १७७२ साली. जॉन वॉल्श या इंग्रज गृहस्थाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला रोशेल येथे टॉर्पीडो माशावर प्रयोग केले आणि त्याचा झटका हा विजेचाच झटका आहे असे दाखवून दिले. १८०० साली इटलीत व्होल्टाने धातूंच्या चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी तयार केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हाच मासा होता. आपल्या यंत्राला त्याने कृत्रिम विद्युत्-इंद्रिय म्हटले होते. म्हणजे आपल्या टॉर्चमधल्या आणि मोबाइलमधल्या बॅटरीच्या वंशवृक्षाचे मूळ शोधत गेल्यास एका माशाची गाठ पडते!

एकोणिसाव्या शतकात विजेच्या उपचारांना युरोप-अमेरिकेत ऊत आला. विजेचे पट्टे, विजेच्या पेट्या, विजेचे कंगवे, काय वाटेल ते विकले जाऊ लागले. ज्या गोष्टीने सर्व रोग बरे होतात तिने कोणताच बरा होत नाही, हे लोकांच्या ध्यानी येण्यास काही दशके गेली; आणि मग विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकाने वीज जवळजवळ टाकूनच दिली. भोंदूंच्या गर्दीत खरा गुणही बदनाम होतो, त्याचे हे एक उदाहरण.

खरे आणि खोटे निवडावयाचे कसे, हा प्रश्न केवळ भोंदूंपुरता नसतो. याच काळात निजामाच्या राज्यात, ज्यात अंबड तेव्हा मोडत होते, वेदनाशास्त्राच्या इतिहासातील एक गाजलेले प्रकरण घडले. क्लोरोफॉर्म हुंगवून शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या, पण मधूनच एखादा रोगी टेबलावर अचानक दगावे. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की धोका हृदयाला नसून श्वासाला आहे. श्वासावर लक्ष ठेवले की झाले. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ साली एक कमिशन बसले. लंडनच्या लॅन्सेट साप्ताहिकाला निष्कर्ष पटेना, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ साली लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरीच्याच बाजूने लागला. मोठा पैसा, मोठी नावे, शेकडो प्रयोग. आणि तरीही चूक! १९११ साली ए. जी. लेव्ही याने दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो. कमिशनने हेळसांड केली होती असे नव्हे. पण प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर अवलंबून असते, हा धडा हैदराबादने जगाला स्वतःच्या खर्चाने दिला. विजेच्या उपचारालाही पुढे हाच धडा गिरवावा लागला.

विजेचे पुनरागमन झाले ते १९६५ साली. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी वेदनेचा एक नवा सिद्धांत मांडला. तो समजण्यास आपल्या रोजच्या अनुभवाचा दाखला पुरे. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, आणि चोळल्याने बरे वाटते. का वाटावे? या दोघांचे म्हणणे असे की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक वेस लागते. स्पर्शाचे निरोप जाड तंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून. स्पर्शाची गर्दी झाली की वेशीचा दरवाजा लोटला जातो आणि वेदना बाहेर अडून राहते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले. परंतु त्याने एक वाट दाखवली. चोळण्याचे काम जर विजेकडून करून घेता आले तर?

१९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी ते करून पाहिले, आणि विशेष म्हणजे प्रथम स्वतःवर. डोळ्याखालच्या मज्जातंतूत सुई खुपसून त्यांनी सौम्य वीज सोडली. मुंग्या आल्या आणि टोचणे कळेनासे झाले. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली या सर्जनने एका रोग्याच्या मज्जारज्जूवर विजेची तार कायमची बसवली. शरीरात यंत्र ठेवण्याची हिंमत तोवर आलेली होती; कारण १९५८ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला होता. तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन जगले, एकामागून एक सव्वीस पेसमेकर वापरून २००१ सालापर्यंत जगले. या आकड्यात एक गोष्ट दडलेली आहे. रोग्याला जगवले ते एका यंत्राने नव्हे, तर बिघडलेले यंत्र बदलून देणाऱ्या माणसांच्या आणि संस्थांच्या अखंड साखळीने.

डोकेदुखीची पाळी यायला विसावे शतक सरत आले. १९९९ साली रिचर्ड वाइनर आणि केनेथ रीड यांनी तेरा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूस जो मज्जातंतू कवटीवर चढतो, त्याच्यावर आडवी अशी एक बारीक तार त्यांनी सुईतून कातडीखाली सरकवली होती. तार मानेतून खाली नेऊन छातीच्या वा कमरेच्या कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडावयाची, आणि मग रोग्याने बाहेरून लहानशा यंत्राने वीज कमीजास्त करावयाची, अशी ही रचना. मागच्या बाजूच्या दुखण्यासाठी योजलेला हा उपाय कपाळ आणि डोळ्याच्या दुखण्यालाही कमी करतो, असे पुढे दिसले. कारण कपाळाचे आणि मानेचे मज्जातंतू मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन गावांच्या वाटा एकाच वेशीतून जात असतील तर एका वाटेवरची गर्दी दुसऱ्या वाटेवरच्यांनाही अडवते, तसेच हे.

आशा वाढली. इटलीत मिलान येथे तर थेट मेंदूच्या गाभ्यात तार उतरवून क्लस्टर हेडेकवर उपचार झाला, आणि २००१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हे दुखणे एका डोळ्यामागे, ठरावीक वेळी, दिवसातून अनेकदा उठते, आणि त्याच्या कळा इतक्या असह्य असतात की रोगी भिंतीवर डोके आपटून घेतो. अशा रोग्याला चौथाई आराम मिळाला तरी तो स्वर्गच. पण आशा म्हणजे पुरावा नव्हे, आणि येथे हैदराबादचा धडा आठवतो. औषधाची परीक्षा घेताना अर्ध्या रोग्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना साखरेची देता येते. कोणती कोणाला, हे रोग्याला कळत नाही. विजेचे तसे नाही. वीज सुरू असली की मुंग्या येतात. ज्याला मुंग्या येत नाहीत तो ओळखतो की आपले यंत्र बंद आहे. मग आराम विजेने पडला की विश्वासाने, हे ठरवावे कसे?

२०१२ साली जुनाट अर्धशिशीवरच्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. १५७ रोग्यांना यंत्र बसवले; १०५ जणांचे सुरू ठेवले, ५२ जणांचे नाही. बारा आठवड्यांनी दुखणे निम्म्याने उतरले असे रोगी मोजले, तेव्हा पहिल्या गटात ते शेकडा १७ आणि दुसऱ्यात शेकडा १३ ते १४ निघाले. म्हणजे फरक जवळपास नाहीच. ठरवलेल्या कसोटीवर यंत्र उतरले नाही. मात्र महिन्यातले डोकेदुखीचे दिवस पहिल्या गटात सहाने आणि दुसऱ्यात तीनाने कमी झाले होते. एकाच प्रयोगाने एका प्रश्नाला नाही म्हटले आणि दुसऱ्याला थोडेसे होय. शिवाय वर्षभरात दहांतल्या सात रोग्यांना काही ना काही त्रास झाला. तार सरकली, जखम दूषित झाली, बॅटरीच्या जागी दुखू लागले. कित्येकांना पुन्हा टेबलावर जावे लागले. युरोपात या यंत्राला २०११ साली अर्धशिशीसाठी मिळालेली परवानगी पुढे मागे घेतली गेली.

क्लस्टर हेडेकची गोष्ट थोडी निराळी झाली. हॉलंडच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५० रोगी होते, आणि ते असे की ज्यांच्यावर सर्व औषधे हरली होती. मुंग्यांची अडचण ओळखून येथे वीज बंद ठेवलीच नाही. एका गटाला पुरी दिली, दुसऱ्याला तिच्या शेकडा ३०. आठवड्याला सुमारे सोळा झटके येत होते, ते सातआठांवर आले. पण दोन्ही गटांत सारखेच! थोडी वीज पुरते असे समजावे, की झटके कालांतराने आपोआपच ओसरतात असे समजावे? जाणकारांत यावर अजून मतभेद आहे. तथापि ज्या रोग्याला दुसरा आधार उरला नाही त्याच्या हिशेबी निम्मे झटके कमी होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

या सर्व आकड्यांपेक्षा मोठा वाटावा असा एक प्रसंग याच सुमारास घडला. अमेरिकेतील एका कंपनीने क्लस्टर हेडेकसाठी बदामाएवढे एक यंत्र काढले होते. हिरडीतून चीर देऊन ते गालाच्या हाडाच्या आत, नाकामागच्या मज्जातंतूंच्या गाठीजवळ बसवीत. झटका आला की रोगी एक लहान यंत्र गालाला लावी आणि आतली वीज सुरू होई. पुष्कळांना गुण आला. २०१९ साली त्याचा अनुकूल निकाल लॅन्सेटच्या मज्जाविज्ञानाच्या मासिकात छापून आला, आणि त्याच वर्षअखेरीस कंपनी बुडाली. शेकडो लोकांच्या चेहऱ्यात यंत्र राहिले. पण गालाला लावायचे यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, नवी आज्ञावली कोण घालणार, हे सांगणारे कोणी उरले नाही. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्या तंत्राचे हक्क घेतले खरे, पण मधल्या काळात रोग्यांनी काय करावे याची तरतूद कोणी केली नव्हती. यंत्र नादुरुस्त नव्हते, डॉक्टर अडाणी नव्हते, उपाय खोटा नव्हता. फक्त त्यामागे उभे राहणारे कोणी राहिले नाही.

येथे माशाचा आणि डागाचा भेद पुन्हा आठवावा. मासा उचलून ठेवता येतो, डाग राहतो. परंतु डागाला निदान कोणाच्या देखभालीची गरज नसते. कातडीखालची तार या दोहोंहून वेगळी. ती डागासारखी राहते आणि माशासारखी जिवंत ठेवावी लागते. बॅटरी संपते, तार सरकते, जखम चिघळते; त्या प्रत्येक वेळी कोणीतरी हाताशी असावे लागते. म्हणून हा उपचार म्हणजे एका दिवसाची शस्त्रक्रिया नसून पुढच्या अनेक वर्षांचा करार आहे. त्यात रोगी आपले शरीर गहाण टाकतो; समोरच्याने काय गहाण टाकले आहे ते विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

हा प्रश्न अंबडसारख्या तालुक्याच्या गावाला अधिकच लागू पडतो. महाराष्ट्रात शरीरात विजेच्या तारा बसवण्याचे कौशल्य नाही असे नव्हे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी कंपवातासाठी मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच सुरू केल्या. पण अशा यंत्रांचा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि मुंबई अंबडहून रात्रभराच्या प्रवासावर आहे. तार सरकल्याचे रात्री दोन वाजता लक्षात आले तर काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात शस्त्रक्रियेआधी विचारला गेला पाहिजे.

आणि त्याआधीही काही विचारावयाचे आहे. बहुसंख्य रोग्यांना तारेपर्यंत जाण्याची वेळच येऊ नये. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ, घेत राहिले तर गोळीच डोकेदुखी जडवते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्धशिशी येऊ नये म्हणून रोज घ्यावयाची स्वस्त आणि जुनी औषधे आहेत. २०१८ पासून महागडी नवी इंजेक्शनेही आली. कपाळावर बाहेरून चिकटवून भुवईवरच्या मज्जातंतूला वीज देणारे यंत्र अमेरिकेत २०१४ साली मान्य झाले. ते न मानवले तर काढून ठेवता येते. थोडक्यात, वीज पुन्हा माशासारखी उचलून ठेवण्याजोगी होऊ पाहत आहे, आणि हा या इतिहासाचा मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा टप्पा आहे.

तरीही काही जण असे उरतील की ज्यांना तारेवाचून गत्यंतर नाही. त्यांच्यासाठी तार अवश्य असावी, आणि ती स्वस्त व्हावी. मात्र ती बसवण्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, डोके दुखते म्हणणाऱ्याचे म्हणणे घरच्यांनी आणि वैद्यांनी खरे मानले पाहिजे. कारण या दुखण्याला साक्षीदार एकच असतो. दुसरी, यंत्र विकणाऱ्याने ते किती वर्षे सांभाळू आणि आपण उद्या नसलो तर कोण सांभाळेल, हे लेखी दिले पाहिजे; आणि सरकारने त्या लेखी शब्दाला कायद्याचा आधार दिला पाहिजे. दोन हजार वर्षांत माणसाने वेदनेच्या वेशीवर पहारा बसवण्याची युक्ती शोधून काढली. पहारेकऱ्याला मध्यरात्री एकटे टाकून कोणी निघून जाणार नाही, याची व्यवस्था अजून व्हावयाची आहे.